पश्चिम क्वीन्सलँडमध्ये लाँगबोने रानडुकराची शिकार: तयारी कशी करू?

सरळदोरी

नमस्कार मंडळी. मी ब्रिस्बेनला असतो आणि गेली काही वर्षं क्लबात लाँगबो मारतो. साइट नाही, चाकं नाहीत, नुसतं लाकूड आणि दोरी. बो २८ इंचांवर ५० पाउंडांचा आहे, म्हणजे दोरी २८ इंच ओढली की हातावर ५० पाउंडांचा जोर येतो. फोमच्या प्राण्यांवर १५ मीटरच्या आत माझे बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात. २५ मीटरवर गेलो की पसरायला लागतात.

सोबत काम करणाऱ्या एकाच्या सासऱ्यांचं लाँगरीचच्या पश्चिमेला गुरांचं स्टेशन, म्हणजे गुरं पाळायचं मोठं रान आहे. डुकरांनी पाणवठ्यांची पार वाट लावली आहे, ये आणि मार, असं ते स्वतः फोनवर म्हणाले. सप्टेंबरात जावं असं मनात आहे. पण फोमचं डुक्कर हलत नाही, वास घेत नाही आणि अंगावर येत नाही. म्हणून ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारतो. ५० पाउंड पुरतात का? बाण किती जड हवा? डुकराच्या जवळ जायचं कसं आणि नेम धरायचा कुठे? जिकडे बघावं तिकडे चाकांचा कंपाउंड बो मारणारे चाळीस मीटरच्या गोष्टी सांगतात, त्या माझ्या कामाच्या नाहीत. कायद्याचंही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

दक्षिणवारा

कायद्याचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

क्वीन्सलँडमध्ये साध्या धनुष्याला परवाना लागत नाही. क्रॉसबोला लागतो, पण तो विषय वेगळा. रानडुक्कर तिथे २०१४ च्या बायोसिक्युरिटी कायद्याखाली उपद्रवी प्राण्यांत मोडतं. बंद हंगाम नाही, किती मारावीत याला मर्यादा नाही. पण शिकार खासगी जमिनीवर आणि मालकाच्या परवानगीनेच. राष्ट्रीय उद्यानात हौशी शिकारीला मनाई आहे. फोनवर हो म्हणाले असले तरी लेखी घ्या: तारखा, गाडीचा नंबर, कुठल्या पॅडॉकमध्ये (कुंपण घातलेल्या कुरणात) जायचं ते. जिवंत डुक्कर किंवा पिल्लू धरून दुसरीकडे नेणं हा गुन्हा आहे, कुणी गंमत म्हणून सुचवलं तरी करू नका.

न्यू साउथ वेल्समध्ये ठराविक सरकारी जंगलांत जाता येतं, पण त्यासाठी आर-लायसन्स काढावं लागतं. टास्मानियात धनुष्याने शिकार चालत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियाने ती १ डिसेंबर २०२४ पासून बंद केली. लाँगरीचहून सीमा लांब आहे, पण कूपर क्रीकच्या खालच्या अंगाला कधी गेलात तर नकाशा बघून जा.

गुरांची_डॉक्टर

सरळदोरी, मी पश्चिम क्वीन्सलँडमध्ये गुरांची डॉक्टर आहे आणि सुट्टी मिळाली की लाँगबो घेऊन डुकरांच्या मागावर जाते. १५ आणि २५ मीटरमधला फरक तुम्ही स्वतःहून सांगितलात हे वाचून बरं वाटलं. तुमचं अंतर ठरलं: १५ मीटर. समोर कितीही मोठा नर असो, सोळाव्या मीटरवर तुमचा हक्क नाही. तिथपर्यंत पोचणं ही खरी शिकार, आणि पोचल्यावरसुद्धा बहुतेक वेळा बाण दोरीवरच राहतो.

हे मी हट्टाने का म्हणते ते आकड्यांत सांगते. लाँगबोचा बाण सेकंदाला साधारण १६० ते १७० फूट जातो. आवाज जातो ११०० फुटांच्या वर. म्हणजे दोरीचा टणत्कार डुकराच्या कानात बाणाच्या कितीतरी आधी पोचतो. १५ मीटरला बाणाला तीन दशांश सेकंद लागतात, २५ मीटरला अर्धा सेकंद. अर्ध्या सेकंदात डुक्कर निम्मं वळलेलं असतं, आणि जो बाण फुप्फुसात जायचा तो पोटात जातो. पोटात बाण घेऊन गेलेलं जनावर कसं मरतं हे मला माझ्या कामामुळे फार चांगलं माहीत आहे. दोरीला दोन्ही टोकांकडे लोकरीचे गोंडे बांधा, आवाज मऊ होतो, पण जात नाही.

५० पाउंड पुरतात. फक्त तुमचा हात खरंच २८ इंच ओढतो का ते कुणाकडून तरी मोजून घ्या. ओढ २६ इंचांची असेल तर इंचामागे दोन-तीन पाउंड जातात आणि हातात ४५ च उरतो. बाण मात्र क्लबातला नको. तो हलका असतो, सपाट जातो, लक्ष्यावर छान दिसतो. डुकराच्या अंगात शिरायला वजन लागतं. माझे लाकडी बाण पात्यासकट ६०० ग्रेनच्या पुढे आहेत, म्हणजे चाळीसेक ग्रॅम. एड अ‍ॅशबी यांनी बाण किती खोल जातो यावर वर्षानुवर्षं चाचण्या केल्या, त्यात जड हाडासाठी ६५० ग्रेनचा उंबरठा निघाला. तुमच्या बोला तेवढं झेपत असेल तर उत्तमच. जड बाण लांबवर खाली पडतो, पण तुम्हाला लांब मारायचंच नाही.

पातं दोन धारांचं, एकसंध, आघाताने उघडणारं अजिबात नको. धार हातावरचे केस निघतील अशी हवी. भात्यातून काढ-घाल केली की ती जाते, म्हणून मी रोज सकाळी निघायच्या आधी पाती चामड्यावर ओढते.

आता नेम. मोठ्या नराच्या खांद्यावर आणि पुढच्या बरगड्यांवर कातडीखाली ढाल असते. मी ती कापून पाहिली आहे. पांढरट, चिवट, दोन बोटं जाड, म्हाताऱ्या नरात त्याहूनही जास्त, आणि सुरी तिथे करकरत जाते. नर झुंजतात तेव्हा खांद्याला खांदा लावून सुळे वर ओढतात, तो मार ही ढाल झेलते. तुमचा बाणही झेलेल. शिवाय डुकराची आतली मांडणी हरणापेक्षा पुढे सरकलेली असते. हृदय खाली, पुढच्या दोन कोपरांच्या मध्ये. फुप्फुसं त्याच्या वर आणि पुढे. कोपराच्या मागे वीतभर गेलात की पोट लागलंच. हरणांची चित्रं बघून शिकलेल्यांचे बाण म्हणूनच मागे पडतात.

समोरून कधीही नाही. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तर जवळचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबायचं. तो पडला की कोपराच्या मागे घडी उघडते, तिथे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे डुक्कर तिरकं, तुमच्याकडे पाठ वळवत उभं असतं तेव्हा. पलीकडचा पुढचा पाय नजरेने धरायचा आणि बाण तिथून बाहेर पडेल अशी रेघ मनात ओढायची. बाण ढालीच्या मागून शिरतो आणि छातीतून आरपार जातो.

जवळ जाण्याचं म्हणाल तर डुकराची नजर अधू, कान चांगले आणि नाक असं की त्याला फसवण्याचा विचारही करू नये. अंगाला काहीबाही फासणारे लोक मला भेटतात. काही उपयोग नाही. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, दर काही पावलांनी चिमूटभर उडवा आणि पावडर कुठे जाते ते बघा. तोंडावर येत असेल तर चला. बाजूने वळायला लागली तर मागे फिरा आणि मोठा वळसा घ्या, त्यात तास गेला तरी जाऊ द्या. ऊन चढलं की जंप-अपच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या खडकाळ चढाच्या पायथ्याशी वारा गोल फिरतो, तिथे दुपारी जाण्यात अर्थ नसतो.

डुकरांना घाम येत नाही, त्यामुळे तापायला लागलं की ती पाणी आणि सावली सोडत नाहीत. सप्टेंबर त्यासाठी बरा महिना आहे: दुपारी डुकरांना पाण्याशी आणेल एवढं ऊन असतं आणि माणसाला अजून सहन होतं.

एका स्टेशनवर आर्टेशियन बोअरचा जुना उघडा पाट आहे. पाणी जमिनीखालून कढत येतं आणि पाटाने बरंच लांब वाहत गेल्यावर निवतं. जिथे निवतं तिथे डुकरं लोळतात. मी वारा तोंडावर घेऊन पाटाच्या काठाने जात होते, बूट काढून पाठीला बांधलेले, पायात दोन जाड मोजे, गोखरूचे काटे बघून पाऊल टाकायचं. लिग्नमच्या झुडपांमागून आधी नुसता आवाज आला, चिखल अंगापासून सुटताना येतो तो. मग एक कान दिसला. नर कुशीवर पडला होता. वरच्या अंगाचा चिखल वाळून त्याला भेगा गेल्या होत्या, खालचं अंग काळं ओलं. डोळ्यांभोवती माश्या. तो कान झटकायचा, आणि त्याने कान झटकला की मी एक पाऊल टाकायची.

पडलेल्या जनावराच्या बरगड्या कशा बसल्यात याचा अंदाज येत नाही, म्हणून थांबून राहिले. तो उठला आणि तोंड माझ्याकडेच केलं. बोटं दोरीवर होती पण ओढ घेतली नव्हती. डुकराचे खालचे सुळे वरच्यांवर सतत घासत असतात, त्यामुळे आलेली पांढरी तिरपी धार मला स्पष्ट दिसत होती. मग तो वळला आणि कूलिबाच्या खोडाला अंग घासू लागला, अगदी हवा तसा तिरका. तेवढ्यात मागून एक डुकरीण येऊन त्याच्या पलीकडे उभी राहिली. बाण आरपार जातो. पलीकडे दुसरं जनावर असताना तो सोडायचा नाही, यात तडजोड नाही. ती पाटाकडे निघून गेली, नराने डावा पाय पुढे टाकला आणि मी ओढलं. बाण त्याच्या छातीतून जाऊन पलीकडच्या चिखलात पिसांपर्यंत रुतला. तो साठेक मीटर धावला आणि कोसळला. नंतर अंतर चालून पाहिलं, अकरा पावलं भरलं.

बाण सोडल्यावर जागचं हलू नका. दुसरा बाण लावा, ऐका, कुठल्या झाडाजवळून गेलं ते लक्षात ठेवा. दोन्ही फुप्फुसं भेदली गेली असतील तर ते काही सेकंदांतच पडतं. खात्री नसेल तर किमान अर्धा तास थांबा. डुकराचा रक्ताचा माग फसवा असतो: चरबी जखम बुजवते आणि राठ केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे चांगल्या बाणानंतरही पहिले वीस-तीस मीटर जमिनीवर थेंब दिसत नाही. गवतावर नाही तर झुडपांच्या पानांवर, गुडघ्याच्या उंचीला बघा. जखमी नर लिग्नममध्ये शिरला तर एकट्याने आत जायचं नाही. चढता येईल असं झाड कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं आणि सोबतचा माणूस बाहेरच्या बाजूला हवा.

आणि हे माझ्या पेशाचं, कृपा करून वाचून सोडू नका. क्वीन्सलँड आणि उत्तर न्यू साउथ वेल्सच्या रानडुकरांत ब्रुसेला सुइस हा जिवाणू आहे. डुक्कर साफ करताना बोटाला बारीकशी चीर असली किंवा डोळ्यात शिंतोडा उडाला तरी तो माणसात येतो. ताप येतो, जातो, परत येतो, सांधे धरतात, पुरुषांच्या वृषणांना सूज येते. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात हा आजार लवकर येत नाही. त्यामुळे नंतर कधी असा ताप आला तर रानडुक्कर हाताळलं होतं हे आपणहून सांगा. लेप्टोस्पायरोसिस आणि क्यू ताप हेही आहेत. हातमोजे दुहेरी, चष्मा, चिरा असतील त्यांवर पट्टी, आणि आतडी-गर्भाशयाला सुरी लावायचीच नाही.

सरळदोरी

डॉक्टर, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मनापासून आभार. ओढ मोजली, २७ इंच भरली. म्हणजे साधारण ४७ पाउंड. बाण ६०० च्या वर नेतो आणि पुढचे महिने १५ मीटरच्या पलीकडे मारतच नाही. गुडघ्यावर बसून आणि झुडपाच्या आडून मारायचा सराव करतोय.

एक शंका. मालक म्हणाले की शेजारच्या स्टेशनवर विष टाकणार आहेत. त्याने माझ्या जाण्यात काही अडचण येते का?

ज्वारीचं_रान

येते, आणि त्यावर मला बोलायचंय. मी डार्लिंग डाउन्सवर ज्वारी आणि हरभऱ्याच्या पिकांवर सल्ला देण्याचं काम करतो. पेरणीनंतर डुकरं तासाला तास धरून उकरत जातात आणि दाणा न् दाणा खातात. सकाळी जाऊन बघावं तर अख्ख्या ओळी गायब. म्हणून मला या जनावराबद्दल प्रेम नाही.

पण धनुष्याने डुकरं कमी होतात असं कुणी शेतकऱ्याला सांगू नये. डुकरीण वर्षाची व्हायच्या आत विते, गाभण राहते जेमतेम ११५ दिवस, आणि पाऊसपाणी चांगलं असलं तर १२ ते १५ महिन्यांत दोन वेत होतात. कळप आहे तेवढाच ठेवायचा म्हटलं तरी दरवर्षी सुमारे ७० टक्के डुकरं काढावी लागतात असं धरलं जातं. ते काम हेलिकॉप्टरमधून गोळीबार, सापळे आणि १०८० नावाच्या विषाचं आमिष यांनी, आणि तेही शेजारशेजारच्या स्टेशनांनी एकाच वेळी केलं तर होतं.

आमिष टाकताना आधी काही दिवस बिनविषाचं धान्य टाकून कळपाला जागेची सवय लावतात. त्या दिवसांत तिथे कुणी शिकारी फिरला तर कळप उठून दुसरीकडे जातो, आणि शेजाऱ्याची सगळी मेहनत आणि पैसा पाण्यात. तेव्हा मालकाला तारखा विचारा. आमिषाच्या आधी आणि चालू असताना जाऊच नका. नंतर गेलात तर त्या भागातलं डुक्कर खायचं नाही, कुत्रं सोबत न्यायचं नाही, आणि फाटकावरची पाटी वाचल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही.

आणखी एक. धड कारण न दिसता मेलेली डुकरं आढळली तर १८०० ६७५ ८८८ या आपत्कालीन पशुरोग क्रमांकावर कळवा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग २०१९ मध्ये तिमोर-लेस्तेत आणि २०२० मध्ये पापुआ न्यू गिनीत पोचला. ऑस्ट्रेलियात अजून नाही. तो रानडुकरांत शिरला तर बाहेर काढणं फार अवघड, आणि आधी दिसेल तो शिकाऱ्यांनाच.

गुरांची_डॉक्टर

ज्वारीचं_रान यांचं म्हणणं अक्षर न् अक्षर बरोबर आहे. मीही मालकांना हेच सांगते की संख्या कमी करायची असेल तर माझ्यावर विसंबू नका. सरळदोरी, तारखा आमिषाच्या आड येत असतील तर सहल पुढच्या वर्षावर ढकला. मालक तुम्हाला पुन्हा बोलावतील ते याच कारणासाठी.

मृगनक्षत्र

मी शिकार करत नाही आणि उत्तर क्वीन्सलँडमध्ये केर्न्सला राहते. धागा पूर्ण वाचला. डॉक्टर, तुमच्याबद्दल आदर ठेवून विचारते. संख्या कमी होत नाही हे तुम्हीच मान्य करता. मग मारायचंच तर बंदुकीने झटक्यात का नाही? धनुष्य ही माणसाची हौस झाली, किंमत मात्र जनावराने मोजायची. आरएसपीसीए ऑस्ट्रेलिया या प्राणीकल्याण संस्थेचाही याला विरोध आहे ना?

गुरांची_डॉक्टर

हो, आहे. त्यांचा मुख्य आक्षेप जखमी होऊन निसटणाऱ्या जनावरांबद्दल आहे आणि तो खोटा नाही. जो माणूस चाळीस मीटरवरून डुकराच्या कळपात बाण सोडतो त्याच्याविरुद्ध मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पण झटक्यात म्हणजे काय ते बघूया. दोन्ही फुप्फुसांतून धारदार पातं गेलं तर रक्तदाब इतक्या वेगाने पडतो की जनावर काही सेकंदांत शुद्ध हरपतं. चांगल्या ठिकाणी लागलेल्या गोळीइतकं ते लवकर नसेल, पण खराब लागलेल्या गोळीपेक्षा किंवा १०८० पेक्षा कितीतरी लवकर. १०८० चं विष चढलेलं जनावर मी पाहिलंय, कुत्रं होतं ते, आणि ते दृश्य कुणावर येऊ नये. तरीही मी १०८० च्या विरोधात नाही, कारण कासवांची घरटी मी पाहिली आहेत. केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडली आणि फ्लॅटबॅक कासवं अंडी घालतात आणि डुकरं रात्रीत घरटं उकरून रिकामं करतात. तिथले आदिवासी रेंजर वर्षानुवर्षं किनाऱ्यावर राबतायत. तुमच्या भागातली दलदल, बुल्कुरूच्या गवताचे कंद उकरून डुकरांनी नांगरून टाकलेली, तुम्हीही पाहिली असेल. १७८८ मध्ये पहिल्या जहाजांबरोबर आलेलं हे जनावर, त्यात त्याचा काही दोष नाही. पण ते आहे, आणि ते इथल्या पाण्यावर जगणाऱ्या बाकी सगळ्यांना उठवतं आहे.

हौस म्हणालात, ते मी नाकारत नाही. मला त्या जनावराच्या जवळ जायला आवडतं. ते कसं झोपतं, कुठल्या वाऱ्याला कुठे बसतं, पिल्लांना कसं हाक मारतं हे मला बो हातात असल्यामुळे कळलं, कारण रायफल असती तर मी शंभर मीटरवरच थांबले असते. या जवळिकीची माझ्यापुरती अट एकच: खात्री नसेल तर बाण सुटत नाही. ती अट पाळणं ज्याला जमत नाही त्याने धनुष्य खाली ठेवावं, हे मी तोंडावर सांगते आणि काही लोकांना त्याचा राग येतो.

मृगनक्षत्र

पटलं असं म्हणणार नाही, पण तुमचं म्हणणं समजलं. आमच्याकडे मगरीही असतात हे कुणी वाचत असेल तर लिहून ठेवते. उत्तरेत पाणवठ्याच्या काठाशी दबा धरून बसायचं नाही. डुकराची वाट बघणारे तिथे तुम्ही एकटे नसता.

सरळदोरी

मालकांशी बोललो. आमिष ऑगस्टमध्ये संपतंय, ते शेजारच्या स्टेशनवर आणि तीस किलोमीटर लांब. सप्टेंबरचा शेवट चालेल म्हणाले, लेखी परवानगीही पाठवतायत.

दोन गोष्टी राहिल्या. गाडीत सामानाचं काय काय बघू? आणि माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, तोही क्लबात मारतो, २५ पाउंडांचा बो आहे त्याचा. यायचा हट्ट धरून बसलाय. आणू का?

गुरांची_डॉक्टर

सामानातलं तुम्हाला सुचणार नाही तेवढंच सांगते. बंद यूटमध्ये (पिकअप गाडीत) दुपारी बो ठेवू नका, दोरी चढवलेला तर मुळीच नाही. लाकडाचे थर ज्या डिंकाने चिकटवलेले असतात तो तापून सुटतो आणि पुढच्या ओढीला बो हातात फुटू शकतो. पाणी माणशी रोज दहा लिटर धरा, आणि गाडी बंद पडली तर आणखी दोन दिवस पुरेल एवढं वेगळं. ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी, म्हणजे संकटात मदतीचा संदेश पाठवणारं खिशातलं यंत्र घ्या, निघण्याआधी नावावर नोंदवा. मोबाइलवर भरवसा ठेवू नका. सापासाठी रुंद दाबपट्ट्या प्रत्येकाच्या खिशात, गाडीत नव्हे. फाटक जसं सापडेल तसं सोडायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद. येता-जाता गाडीचं तळ आणि बूट धुवा. मध्य क्वीन्सलँडमध्ये आपलं गाजरगवत माजलंय आणि त्याचं बी चिखलातून एका स्टेशनवरून दुसऱ्यावर जातं. धुतलेली गाडी घेऊन गेलात तर मालकाच्या ते पहिल्या पाच मिनिटांत लक्षात येईल.

मुलाला जरूर आणा. बो आणू द्या, पण तो तळावर लक्ष्य मारण्यासाठी. २५ पाउंडांचा बाण डुकरावर सोडायचा नाही, पिल्लावरसुद्धा नाही, आणि हे घरून निघायच्या आधी त्याच्याशी बोलून घ्या, तिथे पोचल्यावर नको. मागावर जाताना पावडरची बाटली त्याच्याकडे द्या. मुलांचं लक्ष वाऱ्यावर मोठ्यांपेक्षा जास्त टिकतं, आणि वारा फिरला की थांबायचं हे त्याने सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं. डुक्कर साफ करताना मात्र तो वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब बसेल. क्यू तापाची लस इथे १५ वर्षांखालच्यांना सहसा देत नाहीत, त्यामुळे अंतर हाच त्याचा बचाव. तुम्ही स्वतःची लस आत्ताच बघा, आधी रक्ताची आणि त्वचेची तपासणी करावी लागते आणि तिचा निकाल यायला आठवडा जातो.

मांस खाणार असाल तर धडधाकट दिसणारं, अंगाने लहान डुक्कर घ्या. आत गाठी किंवा पू दिसला तर सगळंच टाकून द्या. आतून ७५ अंशांपर्यंत शिजलं पाहिजे, गुलाबी राहता कामा नये. मोठ्या नराचं मांस उग्र लागतं, त्याच्या मागे लागू नका. आणि मुलाची पाण्याची बाटली वेगळी ठेवा, त्याच्या स्वतःच्या पाठीवर.